उतरलेला ताप परत का येतो?
(जंतूच्या अंगरख्याचा इतिहास)

श्रोतेहो, बदनापूरचे नाव घेतले की आपल्यापैकी पुष्कळांना आठवते ते तिथले कृषी संशोधन केंद्र आणि तिथून निघालेले तुरीचे वाण. जालन्याहून संभाजीनगरच्या वाटेवर लागणारे हे तालुक्याचे गाव. जवळच दुधना नदी, गावाला रेल्वेचे स्टेशन आणि सभोवार काळ्या मातीची शिवारे. अशा गावात माणसांइतकाच जनावरांचाही संसार असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या मानेवरून हात फिरवताना बोटांना काय लागते, ते तुम्हाला सांगायला नको. कानाच्या पाळीत, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी रक्त पिऊन टच्च फुगलेली गोचीड! आपण ती ओढून काढतो, नखाने चिरडतो आणि हात धोतराला पुसून पुढच्या कामाला लागतो.

आजचे बोलणे या गोचिडीपासून सुरू होते, पण तिच्यापाशी संपत नाही. तिच्या पोटात जे जंतू असतात, त्यांच्या अंगावर एक अंगरखा असतो. शास्त्रज्ञ त्याला बाह्यपटल म्हणतात. तो इतका पातळ की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही वेगळा दिसत नाही. परंतु कोणाचा ताप सात दिवसांत उतरेल, कोणाचा परत उलटेल, कोणते औषध लागू पडेल आणि कोणती गाय वर्षानुवर्षे रोग बाळगून हिंडेल, यातले बरेचसे त्या अंगरख्यावर ठरते. हे माणसाला कसकसे कळत गेले, ते आज पाहू. या कथेची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच होते.

साल १८७७. दख्खनवर मोठा दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ या काळात सोलापूर, नगर, सातारा, विजापूर या भागांतली माणसे पोटासाठी गावे सोडून निघाली. कित्येक मुंबईस पोचली. अंगावर एकच वस्त्र, धुवायला पाणी नाही, दाटीवाटीने झोपणे. अशा माणसांत एक विलक्षण ताप पसरला. थंडी वाजून ताप चढे, पाच-सात दिवस भाजून काढी आणि एके दिवशी घाम फुटून झटक्याने उतरे. रोगी म्हणे, सुटलो! घरची माणसे त्याला उठवून बसवीत. आणि साधारण आठवड्याने तोच ताप पुन्हा येई. लोक त्याला दुष्काळी ताप म्हणत. उपासमारीनेच तो होतो, अशी पुष्कळांची समजूत होती.

त्या वेळी मुंबईत हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचे डॉक्टर होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ग्रे यांचा शरीरशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ ठाऊक असतो. त्यातील मूळ चित्रे काढणारे तेच हे कार्टर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले होते आणि साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणूनही काम केले होते. बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर याने अशाच तापाच्या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळणदार जंतू पाहिले होते आणि १८७३ साली ते जाहीर केले होते. कार्टरने मुंबईच्या दुष्काळग्रस्तांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर तेच वळवळणारे मळसूत्र! पुढे त्याने ते रक्त माकडांना टोचून तोच ताप आणून दाखवला आणि १८८२ साली या तापावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता यातली खरी गोम पाहा. ताप चढलेला असताना रक्तात जंतूच जंतू दिसत. ताप उतरला की रक्त स्वच्छ. आणि ताप परतला की जंतूही परत हजर! मधले दिवस ते जातात कुठे? परत येतात तर शरीर त्यांना ओळखत कसे नाही? एकदा गावात धरलेला चोर दुसऱ्यांदा आला, तर कुत्रीसुद्धा भुंकतात. मग शरीराचे राखणदारच गप्प का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढे शंभर वर्षे जावी लागली.

मध्यंतरी दुसरा प्रश्न सुटला, तोही महाराष्ट्रातच. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? १९०७ साली पर्सिव्हल मॅकी या डॉक्टरने नाशिकच्या एका मिशन वसाहतीतील साथ तपासली. तिथे मुलग्यांत ताप झपाट्याने पसरला, मुलींत मात्र त्या मानाने फार कमी. हवा तीच, पाणी तेच. मग फरक कशात? मॅकीने पाहिले, तो फरक अंगावरच्या कपड्यांतल्या उवांत होता. मुलग्यांच्या अंगावर उवा जास्त, आणि त्या उवांच्या पोटात तेच जंतू. म्हणजे दोष उपासाचा नव्हता, आणि गरिबीच्या नावाने बोटे मोडण्यातही अर्थ नव्हता. अंगरखा धुवायला पाणी मिळाले नाही म्हणून उवा झाल्या, आणि उवांनी ताप नेला. दुष्काळाने माणसे दुबळी झाली हे खरे. पण रोगाचे बी वेगळे होते.

याच जंतूच्या भाऊबंदांनी उवेऐवजी गोचिडीचे वाहन धरले आहे. आफ्रिकेत झोपड्यांच्या जमिनीच्या भेगांत एक मऊ पाठीची गोचीड राहते. ती रात्री निजलेल्या माणसाचे रक्त पिऊन परत भेगेत शिरते. तिच्यामुळे उलटणारा ताप येतो हे १९०५ च्या सुमारास सिद्ध झाले. जोसेफ डटन हा तरुण डॉक्टर काँगोमध्ये हेच शोधत असता स्वतः त्या तापाने आजारी पडला आणि तिकडेच मरण पावला. ज्ञान फुकट मिळत नाही, श्रोतेहो.

गोचिडीवरचा पहिला आरोप मात्र त्याहूनही जुना आहे, आणि तो माणसांच्या नव्हे, गुरांच्या रोगासाठी होता. अमेरिकेत टेक्सासकडची गुरे उत्तरेकडे नेली की तिकडची गुरे लाल लघवी होऊन मरत. टेक्सासची गुरे मात्र धडधाकट! गवळी म्हणत, ही करणी गोचिडीची. शिकलेले लोक हसत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी कुंपणे घालून, गोचिडीवाली आणि बिनगोचिडीची गुरे वेगवेगळी ठेवून प्रयोग केले, आणि १८९३ साली जाहीर केले की गवळ्यांचे म्हणणे खरे आहे. किडा रोग नेतो हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणी दाखवले नव्हते. बदनापूरवरून जी रेल्वे सिकंदराबादेस जाते, त्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचे बीज पाहिले ते १८९७ साली, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी.

आता अंगरख्याकडे वळू. शिक्षकबंधूंनी हे फळ्यावर काढून दाखवावे.

१८८४ साली हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जंतू रंगवण्याची एक रीत काढली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. रंग सोडणाऱ्यांची घडण पुढे कळली. त्यांना घराला असावीत तशी दोन आवरणे असतात. आत एक पातळ पटल, त्याबाहेर जाळीदार भिंत, आणि त्याहीबाहेर आणखी एक पटल. हाच आपला अंगरखा. हे बाह्यपटल तेलकट द्रव्यांचे म्हणजे मेदाचे विणलेले असते. त्यात प्रथिनांचे खुंट रोवलेले असतात. कुणी दार म्हणून, कुणी आकडा म्हणून. बहुतेक जंतूंत या पटलाच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या लांब साखळ्या लोंबतात. मेद आणि साखर यांच्या या जोड द्रव्याला लिपोपॉलिसॅकराइड म्हणतात. नाव अवघड आहे, पण आपण त्याला अंगरख्याची झालर म्हणू. आपल्या शरीराचे राखणदार बहुधा या झालरीवरूनच परका जंतू आला हे ओळखतात.

गोचिडीच्या जंतूंची लबाडी इथेच आहे. उलटणाऱ्या तापाच्या मळसूत्री जंतूला ही झालर नसतेच. तिच्याऐवजी त्याच्या अंगरख्यावर मेदाला जोडलेली प्रथिने दाटीने टाचलेली असतात. रोगी आजारी पडला की त्याचे रक्त पाच-सात दिवसांत नेमक्या त्या प्रथिनाविरुद्ध मारक द्रव्ये तयार करते. जंतू पटापट मरतात, ताप उतरतो. पण एखादा जंतू असा निघतो की ज्याने तेवढ्यात प्रथिन बदललेले असते. नवा अंगरखा घातलेला हा चोर राखणदारांना ओळखू येत नाही. तो एकाचे दोन, दोनाचे चार होत वाढतो आणि आठवड्याने ताप परत येतो!

हे नीट सिद्ध झाले १९८२ साली, अमेरिकेतील माँटाना प्रांताच्या हॅमिल्टन गावच्या प्रयोगशाळेत. स्टोनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोचिडीमार्फत येणाऱ्या उलट्या तापाचा एकच जंतू उंदरात सोडला. त्या एका जंतूच्या संततीत त्यांना चोवीस तऱ्हेचे अंगरखे सापडले. पुढे कळले की जंतूच्या पोटात या अंगरख्यांचे नमुने पेटीत घड्या घालून ठेवावेत तसे असतात. परंतु खुंटी एकच. जो नमुना त्या खुंटीवर चढेल, तोच अंगावर येतो. कार्टरने मुंबईत १८७७ साली जो प्रश्न रक्ताच्या थेंबात पाहिला, त्याचे उत्तर असे एकशेपाच वर्षांनी मिळाले.

तुम्ही म्हणाल, हा ताप आमच्याकडे आज कुठे आहे? मग आता जो आहे त्याविषयी बोलू.

कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड तुम्ही पाहिली असेल. तिच्यामार्फत माणसाला ठिपक्यांचा ताप येऊ शकतो. त्याच्या जंतूचे नाव रिकेट्सिया. हॉवर्ड रिकेट्स या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले. त्याने १९०६ साली गोचीड हा ताप नेते हे दाखवले आणि १९१० साली टायफसचा शोध घेताना टायफसनेच तो मेला. आपल्या देशात मेगॉ नावाचे डॉक्टर कुमाऊंच्या जंगलात गोचीड चावून स्वतः तापाने पडले, आणि १९२१ साली त्यांनी लिहिले की टायफससारखा एक ताप इथेही गोचिडीमार्फत येत असावा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील पदबिद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली पुणे जिल्ह्यातील अशा रोगांवर निबंध प्रसिद्ध केला. आणि २०११ साली, आपल्या शेजारच्या अकोल्याचे डॉ. राठी आणि त्यांचे सहकारी यांनी, मुलांतला हा ताप लवकर ओळखता यावा म्हणून लक्षणांना गुण देऊन पारखण्याची एक रीत सुचवली.

रिकेट्सियाच्या अंगरख्याला झालर आहे, आणि त्यावर ‘ओम्प ए’ व ‘ओम्प बी’ अशा नावांची प्रथिने आहेत. हे आकडे समजा. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ते अडकतात, आणि पेशी जंतूला आपल्या हाताने आत ओढून घेते. आत शिरलेला जंतू वाढतो, रक्तवाहिनी पाझरू लागते, म्हणून अंगावर लाल ठिपके उठतात. पुष्कळदा तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा. हे ठिपके नुसते कातडीवरचे नव्हेत. तसेच पाझरणे मेंदूत, फुप्फुसात, मूत्रपिंडातही होऊ शकते. म्हणून वेळेवर औषध न मिळाल्यास हा रोग जीव घेतो.

तालुक्याच्या दवाखान्यात या तापासाठी एक जुनी, स्वस्त तपासणी करतात. तिचे नाव वाइल-फेलिक्स. १९१६ साली वाइल आणि फेलिक्स या दोघांना असे दिसले की टायफसच्या रोग्याचे रक्तजल प्रोटियस नावाच्या भलत्याच जंतूंच्या गुठळ्या करते. टायफसशी प्रोटियसचा काही संबंध नाही! मग असे का? तर दोघांच्या अंगरख्याची झालर काही अंशी सारखी. एकाच कापडाचे सदरे शिवलेल्या दोन परक्या माणसांना पोलिसाने भाऊ समजावे, तसा हा प्रकार. पण ही तपासणी पहिल्या दिवसांत बहुधा काही दाखवत नाही, आणि पुढेही कित्येकदा चुकते. म्हणून जाणता डॉक्टर लक्षणे पाहून औषध सुरू करतो, कागदाची वाट पाहत बसत नाही.

औषध आहे, आणि चांगले आहे. १९४८ साली ऑरिओमायसिन जगापुढे आले. बेंजामिन डुगर यांनी ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळवले, आणि ज्या संशोधन विभागात हे काम झाले त्याचे प्रमुख होते आपले आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच कुळातले डॉक्सिसायक्लिन आज या तापावरचे मुख्य औषध आहे. पेनिसिलिनचा इथे उपयोग होत नाही, कारण जंतू आपल्याच पेशींच्या आत लपलेला असतो. साध्या तापाचे म्हणून दिलेले दुसरे प्रतिजैविक लागू पडले नाही, तर पालकांनी ‘औषध बदलून पाहू’ म्हणून दारोदार हिंडू नये. गोचीड दिसली होती, हे एक वाक्य डॉक्टरला सांगावे. त्या एका वाक्याने जीव वाचू शकतो.

आणखी एक घोटाळा आपल्याकडे होतो. मुलाला ताप आला आणि अंगावर लाल उठले, की घरात म्हणतात गोवर आला, आता औषध नको, लिंबाचा पाला ठेवा. आजीबाईंचा अनादर मला करायचा नाही. पण गोवरात आधी सर्दी, खोकला, लाल डोळे येतात आणि पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरते. ठिपक्यांच्या तापात ते बहुधा हातापायांवर सुरू होते आणि तळव्यांवरही दिसते. शिक्षकांनी एवढा फरक ध्यानात ठेवला आणि अशा मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात धाडले, तर वाट पाहण्यात जाणारे मोलाचे दिवस वाचतील. गोवर असला तरीही डॉक्टरला दाखवण्यात तोटा काहीच नाही.

आता शेवटी गोठ्यात परत येऊ. स्मिथने १८९३ साली गुरांच्या तांबड्या रक्तपेशींच्या काठावर बारीक ठिपके पाहिले होते. ते त्याला लाल लघवीच्या रोगाचेच एक रूप वाटले. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थाइलर याने ओळखले की हा निराळाच रोग आहे. त्याने जंतूला नाव दिले ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल. मार्जिनेल म्हणजे काठावरचा. या रोगात लघवी लाल होत नाही. जनावर खंगते, डोळे आणि हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या पडतात, दूध आटते.

या जंतूच्या अंगरख्याला झालरच नाही. तिला लागणारी सामग्री त्याच्या पोटात नाही. याच कुळातल्या, माणसांना बाधणाऱ्या दोन जंतूंविषयी लिन आणि रिकिहिसा यांनी २००३ साली दाखवले की ते यजमानाच्या शरीरातले कोलेस्टेरॉल चोरून आपल्या पटलात विणतात. घर मालकाचे, वासेही मालकाचे! शिवाय गाईचा हा जंतूसुद्धा आपले बाहेरचे प्रथिन पुन्हा पुन्हा बदलतो. म्हणून बरी झालेली गाय पुष्कळदा जन्मभर जंतू बाळगते. बाजारातून आणलेली धष्टपुष्ट गाय गोठ्यातल्या बाकीच्यांना रोग देऊ शकते, ती अशी. लाल कंधारी, देवणी अशी आपली देशी जनावरे गोचिडीला बरीच दाद देत नाहीत. संकरित गाय मात्र लवकर बळी पडते. तेव्हा दुधासाठी संकरित गाय बांधली, तर गोचिडीवर डोळाही तितकाच कडक हवा.

तर मग करायचे काय? गोचीड जनावरावर जितकी असते, त्याहून जास्त तिची पिले गोठ्याच्या भेगांत असतात. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून भिंतीच्या व गव्हाणीच्या भेगा बुजवाव्यात, केरकचरा जाळावा आणि पशुवैद्याने सांगितलेले औषध सांगितल्या मापानेच वापरावे. जनावर आणि गोठा दोन्हींना. नवी गाय आणली की काही दिवस वेगळी बांधावी. माणसाला गोचीड चिकटली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, विडीचा चटका नको. आणि नखाने चिरडू नका! तिच्या पोटातले आपल्या बोटावरच्या चिरेतून आत जाऊ शकते. संध्याकाळी कुत्र्याशी खेळून आलेल्या पोरांच्या कानामागे आणि काखेत एकदा पाहत जा.

मुंबईत १८७७ साली ज्या दुष्काळी माणसांचा ताप उतरला आणि परत आला, त्यांची नावे कुठे राहिली नाहीत. त्यांच्या बोटाच्या रक्ताचा एक थेंब मात्र राहिला, आणि त्यातून एवढे ज्ञान निघाले. आता ते आपल्या दाराशी आले आहे. उद्या तुमच्या वर्गात एखादे पोर तापाने फणफणलेले दिसले, तर त्याचे तळहात उलटून पाहा, आणि विचारा, बाळ, घरी कुत्रा आहे का?